सुई मोजायची की छत? न्यूयॉर्क आणि शिकागोच्या आकाशरेषांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्या, सर्वांत उंच इमारत कुणाची या सव्वाशे वर्षं चाललेल्या भांडणाचा निकाल एका समितीने दिला. वाद होता एका सुईचा. नव्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचं छत 1,368 फुटांवर संपतं. त्यावरची सुई 1,776 फुटांपर्यंत जाते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल म्हणून हा आकडा. शिकागोच्या विलिस टॉवरचं, म्हणजे जुन्या सीअर्स टॉवरचं, छत 1,451 फुटांवर आहे. सुई इमारतीत धरली तर न्यूयॉर्क पुढे, अँटेना म्हणून सोडून दिली तर शिकागो. ही समिती उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या ज्या परिषदेची, तिचं मुख्यालय शिकागोतच, तरी कौल गेला न्यूयॉर्कच्या बाजूने. दिसायला अँटेना, कामाला अँटेना, मग ती अँटेनाच, अशा अर्थाचं शिकागोचे महापौर राम इमॅन्युएल तेव्हा बोलले. त्यांचा मुद्दा अगदीच फुसका नव्हता. त्या सुईभोवतीचं शोभेचं आवरण 2012 मध्येच रद्द झालं होतं आणि उरला होता उघडा खांब.

पण उंचीच्या या भांडणात मूळ गोष्ट बाजूला पडते. या दोन शहरांच्या आकाशरेषा इतक्या वेगळ्या दिसतात त्या ईर्ष्येमुळे कमी आणि महापालिकेच्या कायद्यांमुळे जास्त. ईर्ष्या दोन्हीकडे सारखीच होती.

4 जून 1883 रोजी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा मॅनहॅटनमधलं सर्वांत उंच टोक एका चर्चचं होतं. ट्रिनिटी चर्चचा मनोरा, 281 फूट. त्याच्या खालोखाल ब्रुकलिन पुलाचे दगडी मनोरे. तो पूल अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, 24 मे रोजी, खुला झाला होता. चर्चला मागे टाकलं ते 1890 मध्ये, आणि तेही एका वर्तमानपत्राच्या कचेरीने.

शिकागो तेव्हा राखेतून उठत होतं. ऑक्टोबर 1871 च्या आगीत सतरा हजारांवर इमारती गेल्या, सुमारे एक लाख लोक बेघर झाले. शहराचा मध्यभाग नव्याने बांधायचा होता, जागा महाग होत होती आणि जमीन मात्र मऊ चिकणमातीची. मोनॅडनॉक ही 1891 ची सोळा मजली इमारत अजून उभी आहे. विटांच्या भिंतींवर एवढी उंची पेलायची म्हणून तिच्या भिंती तळाशी सहा फूट जाड केल्या. एवढं वजन मातीत बसणार हे बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. ती त्यांच्या अंदाजापेक्षाही जास्त खचली. सहा फुटांच्या भिंतीने तळमजल्यावर भाड्याची किती जागा खाल्ली असेल, याचा हिशेब कोणीही करू शकेल.

यावरचा तोडगा शिकागोतच आकाराला येत होता. विल्यम ले बॅरन जेनी यांची होम इन्शुरन्स बिल्डिंग 1885 मध्ये दहा मजली उभी राहिली, तिचा बराचसा भार भिंतींऐवजी लोखंडी-पोलादी सांगाड्याने उचलला. हीच जगातली पहिली गगनचुंबी इमारत, असं शिकागो सांगत आलं. न्यूयॉर्क म्हणतं, लिफ्टशिवाय तुमच्या सांगाड्याचा उपयोग काय? एलिशा ओटिस यांनी दोर कापूनही न पडणारी लिफ्ट 1850 च्या दशकात न्यूयॉर्कमध्येच दाखवली आणि लिफ्ट असलेली इक्विटेबल कंपनीची कचेरी तिथे 1870 मध्ये उभी राहिली. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे, म्हणून हा वाद संपत नाही.

1890 मध्ये कोलंबसच्या स्मरणार्थ होणारं जागतिक प्रदर्शन अमेरिकन काँग्रेसने न्यूयॉर्कला डावलून शिकागोला दिलं, तेव्हा चुरस उघड झाली. (याच प्रदर्शनाच्या निमित्ताने 1893 ची सर्वधर्मपरिषद भरली, विवेकानंद बोलले ती. आणि याच भांडणात न्यूयॉर्कच्या एका संपादकाने शिकागोला 'विंडी सिटी' म्हणून हिणवलं, ही कथा खोटी आहे. ते नाव आधीपासून छापात होतं.)

खरा फाटा इथेच फुटला. शिकागोत 1892 मध्ये 302 फुटांचं मेसॉनिक टेंपल उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी शहराने उंचीवर 130 फुटांची मर्यादा घातली. ही मर्यादा पुढे वरखाली होत राहिली, पण 1920 च्या दशकात सैल होईपर्यंत उठली नाही. न्यूयॉर्कमध्ये अशी मर्यादाच नव्हती. वूलवर्थ बिल्डिंग 1913 मध्ये 792 फुटांवर पोचली, तेव्हा शिकागोत 200 फुटांच्या वर बांधायला बंदी होती. मिशिगन अव्हेन्यूवरच्या जुन्या इमारतींची माथ्याची ओळ आजही फूटपट्टीने आखल्यासारखी दिसते, ती या मर्यादेमुळे.

न्यूयॉर्कला कायदा सुचला तो सावलीमुळे. 1870 ची ती इक्विटेबल कचेरी 1912 मध्ये जळाली आणि तिच्या जागी 1915 मध्ये नवी उभी राहिली: एकरभरापेक्षा कमी जागेत, रस्त्याच्या कडेपासून सरळ चढत जाणारी, सुमारे 12 लाख चौरस फुटांची. शेजारच्या इमारतींत दिवसाउजेडी अंधार झाला. 1916 च्या कायद्याने मग सांगितलं, ठरावीक उंचीनंतर इमारतीने टप्प्याटप्प्याने आत सरकायचं. मात्र भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर कितीही वर जा. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारती मडक्यांच्या उतरंडीसारख्या निमुळत्या होत जातात, ती वास्तुकारांची हौस नव्हे, कायद्याचं गणित. क्रायस्लर (1930) आणि एम्पायर स्टेट (1931) याच कायद्याखाली वाढल्या.

मॅनहॅटनच्या आकाशरेषेला दोन उंचवटे का, याचं एक आवडतं उत्तर असं: डाउनटाऊन (बेटाचं दक्षिण टोक) आणि त्याच्या उत्तरेच्या मिडटाऊनमध्ये खडक वर आहे, दोघांच्या मधल्या भागात खोल. ऐकायला छान, पण सिटी हॉलच्या आसपास खडक बराच खोल असूनही 1890 च्या दशकातल्या काही सर्वांत उंच इमारती तिथेच झाल्या. मिडटाऊन वाढलं त्यात खडकापेक्षा रेल्वे स्टेशनांचा आणि बाजारपेठेचा वाटा मोठा.

एवढी स्पर्धा, पण माणसं मात्र बिनदिक्कत इकडून तिकडे कामाला जात. न्यूयॉर्कची लाडकी फ्लॅटआयर्न (1902) शिकागोच्या डॅनियल बर्नहॅम यांच्या कचेरीतून आली. शिकागो ट्रिब्यूनने 1922 मध्ये स्पर्धा जाहीर केली, ती जिंकली न्यूयॉर्कच्या हूड आणि हॉवेल्स यांनी. शिकागोत स्थायिक झालेल्या मीस व्हॅन डर रोह यांनी 1958 मध्ये न्यूयॉर्कला सीग्रॅम बिल्डिंग दिली, पुढे मोकळं अंगण सोडून. ते अंगण शहराला इतकं आवडलं की 1961 च्या कायद्याने अंगण सोडणाऱ्याला जास्त बांधकाम बक्षीस दिलं.

याच कायद्याने न्यूयॉर्कभर लागू केलेली गोष्ट मुंबईकराला समजावून सांगायला नको: एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचा आकडा. कचेऱ्यांच्या दाट भागात तो 15 पर्यंत गेला. आपल्या 1991 च्या नियमावलीत मुंबई शहर बेटाला 1.33 होता, हे आठवलं की आकड्याचा अर्थ कळतो. शेजाऱ्याचा न वापरलेला एफएसआय विकत घेऊन आपल्या भूखंडावर चढवणं, ज्याला आपले बिल्डर टीडीआर म्हणतात त्याचाच सख्खा भाऊ, तिथे 'एअर राइट्स' या नावाने चालतो.

शिकागोचं पुनरागमन घडवलं ढाक्यात 1929 मध्ये जन्मलेल्या फजलूर रहमान खान या इंजिनिअरने. वाऱ्याशी लढायला त्यांनी पोटातल्या खांबांची गर्दी कमी केली आणि बाहेरचं कवचच पोकळ नळीसारखं ताठ केलं. सीअर्स टॉवर म्हणजे अशा नऊ चौकोनी नळ्यांची मोळी. प्रत्येक नळी 75 फूट रुंद. काही पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, काही सहासष्टाव्या, काही नव्वदाव्या, दोन शेवटपर्यंत जातात. 1973 मध्ये या मोळीने न्यूयॉर्कच्या नव्याकोऱ्या जुळ्या मनोऱ्यांना मागे टाकलं आणि 1998 पर्यंत, क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांची नोंद होईपर्यंत, जगात पहिला नंबर राखला.

तरीही शिकागोची आकाशरेषा जास्त देखणी वाटते (मला तरी वाटते), त्याचं श्रेय मी खान यांच्याइतकंच एका दुकानदाराला देईन. शहराच्या 1836 च्या नकाशात सरोवराकाठच्या पट्टीवर लिहून ठेवलं होतं की ही जागा सार्वजनिक, कायम मोकळी, इमारतींविना राहील. पुढे तिथे छपरं आणि कचरा साठला. टपालाने माल विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्ड यांची कचेरी समोरच होती. त्यांनी 1890 मध्ये शहरावर दावा लावला आणि 1911 पर्यंत एकामागून एक खटले लढवले. लोकांना हवं असलेलं फील्ड संग्रहालयही त्यांनी याच पट्टीवरच्या ग्रँट पार्कमध्ये होऊ दिलं नाही. ते शेवटी दक्षिणेला भराव घालून बांधलं गेलं. आडमुठा म्हातारा अशी त्यांची संभावना झाली. पण आज शिकागोत शहराच्या ऐन मध्यावर, गवतावर उभं राहून सगळी आकाशरेषा एका नजरेत दिसते. मॅनहॅटनची पाहायची तर पाणी ओलांडून ब्रुकलिनला किंवा न्यू जर्सीला जावं लागतं.

राहता राहिला छताचा वाद. 2020 मध्ये न्यूयॉर्कचा सेंट्रल पार्क टॉवर पूर्ण झाला. त्याच्या माथ्यावर सुई नाही, आणि छतच 1,550 फुटांवर आहे. शिकागोच्या मापानेही न्यूयॉर्क आता पुढे. मात्र तो शेजाऱ्यांच्या विकत घेतलेल्या एअर राइट्सवर चढलेला आहे, त्यात खाली दुकान आणि वर फ्लॅट आहेत, आणि तो सत्तावन्नाव्या रस्त्यावर आहे. डाउनटाऊनपासून कित्येक मैल उत्तरेला.