खापरमतदान (ऑस्ट्रासिझम)

प्राचीन अथेन्समध्ये एखाद्या नागरिकाला मतदानाने १० वर्षांसाठी हद्दपार करण्याची पद्धत. देशोधडीच्या एरवीच्या शिक्षेत मालमत्ता जप्त होई. येथे मालमत्ता व नागरिकत्व दोन्ही शाबूत राहत. आरोप ठेवला जात नसे, त्यामुळे बचावाचाही प्रश्न नव्हता. निकालानंतर १० दिवसांत शहर सोडावे लागे.

असे मतदान घ्यावे की नाही, हे नागरिकसभा दरवर्षी ठरवी. होकार मिळाल्यास नंतर ठरल्या दिवशी मतदार अगोरात (बाजारचौकात) जमत आणि नको असलेल्या माणसाचे नाव खापरीवर कोरून देत. हद्दपारीसाठी किमान ६,००० मते लागत; हा आकडा एकूण मतांचा की एकाविरुद्धच्या मतांचा, याविषयी प्राचीन लेखकांतच मतभेद आहेत. पहिले, म्हणजे ग्रीक चरित्रकार प्लूटार्कचे, मत अधिक संभाव्य दिसते.

प्रथेच्या उगमाचा वाद जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावरील ‘अथेन्सची राज्यघटना’ हा कायदा लोकशाही सुधारक क्लाइस्थेनीझचा (सु. इ.स.पू. ५०८) मानते; पहिली हद्दपारी मात्र इ.स.पू. ४८७ च्या सुमाराची, हिपार्कसची. मग कायदा २० वर्षे पडून का राहिला? कायदा पहिल्या हद्दपारीच्याच सुमारास झाला, असे अथेन्सचा इतिहासकार ॲन्ड्रोशन याचे मत हार्पोक्रेशनच्या कोशात आढळते. परंतु त्या उताऱ्याची शब्दरचना ‘राज्यघटने’शी इतकी जुळते, की कोशकाराने संक्षेप करताना अर्थ बदलला असावा. क्लाइस्थेनीझचा पक्ष त्यामुळे सबळ ठरतो, निर्विवाद नव्हे.

उत्खननांत हजारो खापऱ्या मिळाल्या असून त्यांतील बहुसंख्य केरामाइकस या अथेन्सच्या कुंभारवस्तीतील आहेत. ॲक्रॉपलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत अथेन्सचा नेता थिमिस्टोक्लीझ याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. त्यांवरील हस्ताक्षरे मोजक्याच, बहुधा १४ व्यक्तींची आहेत. विरोधकांनी त्या आधीच लिहून वाटण्यासाठी ठेवल्या असाव्यात, म्हणजे मतदान नेहमीच उत्स्फूर्त नसावे. काही खापऱ्यांवर शेरेही आहेत. ‘मिल्टायडीझपुत्र सायमन, एल्पिनिकेला घेऊन चालता हो’, असे एकीवर कोरले आहे. एल्पिनिके ही सायमनची बहीण. दोघांविषयी शहरात कुजबुज होती.

अथेन्सचा नेता ॲरिस्टायडीझ (हद्दपारी इ.स.पू. ४८२) मुदतीआधीच परत बोलावला गेला. थिमिस्टोक्लीझ मात्र हद्दपारीनंतर अखेर इराणी राजाच्या आश्रयास गेला. शेवटची ज्ञात हद्दपारी हायपरबोलसची (सु. इ.स.पू. ४१७–४१५): निशियस व ॲल्सिबायडीझ या प्रतिस्पर्धी नेत्यांनी आपापले समर्थक एकत्र करून तिसऱ्यालाच घालवले. कायदा पुढेही रद्द झाला नव्हता. सिरॅक्यूस या सिसिलीतील ग्रीक नगरात ऑलिव्हच्या पानांवर नावे लिहून ५ वर्षांसाठी घालवण्याची अशीच प्रथा अल्पकाळ होती.