स्वमग्न मुलांचा मेंदू व वर्तन : संशोधन आणि मराठवाडा

स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतल्या वेगळेपणातून येणारी, बालपणीच दिसू लागणारी आणि आयुष्यभर सोबत राहणारी अवस्था आहे. माणसांशी देवाणघेवाण करताना येणारी अडचण, तेच ते करत राहण्याची ओढ आणि आवाज, स्पर्श, चव, उजेड यांचा कमी किंवा जास्त जाणवणारा परिणाम ही तिची मुख्य लक्षणे. ‘ऑटिझम’ हा शब्द दवाखान्यात भेटतो, ‘स्वमग्नता’ पुस्तकात. मराठवाड्यातल्या घरात यांतला एकही शब्द आधी येत नाही. ‘लेकरू घुमं हाय’, ‘आपल्याच नादात असतंय’, ‘बोलाया उशीर लागलाय, पण ह्याचा बापबी उशिराच बोलला’ असे सांगत आई आणि आजी दवाखान्यात येतात. हाक मारली तर वळून बघत नाही, पण शेजारच्या खोलीत बिस्किटपुड्याचा कागद वाजला की पळत येते, हे आईने केव्हाच टिपलेले असते. ऐकण्याची तपासणी लागतेच, तरी अर्धे निदान या एका निरीक्षणातच असते. तहान लागली की मूल पाणी मागत नाही, बोटही दाखवत नाही. आईचे मनगट धरून तिला माठाशी नेते आणि तिचाच हात तांब्यावर ठेवते. ‘स्वमग्न’ हा शब्द इथे अपुरा पडतो. हे मूल स्वतःत बुडालेले नाही, त्याला हवे ते सांगायचा त्याचा रस्ता वेगळा आहे.

संज्ञेचा इतिहास असा : स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘ऑटिझम’ हा शब्द 1911 च्या सुमारास छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) एका लक्षणासाठी वापरला. 1925 मध्ये सोव्हिएत डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांची बारकाईने वर्णने लिहिली, पण त्यांची दखल फार उशिरा घेतली गेली. 1943 मध्ये बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी 11 मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांचा आला. मूल दुसऱ्याचा हात एखाद्या साधनासारखा वापरते आणि ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणते, हे कॅनर यांनी नोंदवले आहे. मराठी घरातही भूक लागलेले मूल ‘तुला भूक लागली का?’ असे म्हणत आईमागे फिरते. भुकेच्या वेळी आधी ऐकलेले अख्खे वाक्य त्याने जसेच्या तसे उचललेले असते.

कॅनर यांनी आईबापांच्या थंडपणाचाही उल्लेख केला होता. त्यातून ‘मायेला कमी पडलेल्या आईमुळे हे होते’ असा समज पसरला आणि दोन दशके आयांना छळत राहिला. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी त्याला शास्त्रीय उत्तर दिले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. 1977 मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. वेगळ्या बीजांच्या 10 जोड्यांपैकी एकीतही नव्हती. अनुवंशाचा वाटा मोठा आहे हे तेव्हापासून पक्के होत गेले. आज त्याच्याशी जोडलेली शेकडो जनुके माहीत आहेत. एक मूल स्वमग्न असले, तर पाठच्या भावंडात स्वमग्नता आढळण्याचे प्रमाण साधारण पाचात एक आहे. तरीही आपल्याकडे सून दोषी ठरते. गरोदरपणी ग्रहण पाहिले, लेकराला मोबाईल दिला, बाहेरचं झालं, अशी कारणे तिच्या पदरात टाकली जातात. यातले एकही खरे नाही आणि ते दवाखान्यात आईसोबत आलेल्या सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितले गेले पाहिजे. लसीकरणाचेही तसेच. लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा 1998 चा गाजलेला निबंध 2010 मध्ये मागे घेण्यात आला. 2019 मध्ये डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा काहीही संबंध आढळला नाही.

मेंदूच्या अभ्यासात सर्वांत बोलकी माहिती बाळांकडून मिळाली. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मोठे भावंड स्वमग्न असलेल्या 106 बाळांचे एमआरआय 6, 12 आणि 24 व्या महिन्यात, बाळ आपसूक झोपलेले असताना घेतले गेले. त्यांतल्या 15 बाळांना पुढे दोन वर्षांच्या वयात स्वमग्नतेचे निदान झाले. त्यांच्या मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, क्षेत्रफळ 6 ते 12 महिन्यांत इतरांपेक्षा वेगाने वाढले होते आणि दुसऱ्या वर्षी मेंदूचे एकूण आकारमानही जास्त भरले. लक्षणे स्पष्ट होण्याच्या आधी हे घडते. दुसरा धागा जोडणीचा आहे. बाळाच्या मेंदूत पेशींच्या जोडण्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि वाढत्या वयात त्यांची छाटणी होते, विरळणी केल्यावर रोपांना जोर यावा तशी. 2014 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी मरणोत्तर दान केलेले मेंदू तपासले. लहानपणापासून किशोरवयापर्यंत इतर मुलांत पेशींवरील जोडणीचे काटे, म्हणजे जिथे जोडण्या होतात ते बारीक उंचवटे, जवळपास निम्म्याने घटले होते, स्वमग्न मुलांत सुमारे 16 टक्केच. छाटणी कमी झाली तर सगळेच आवाज सारखेच मोठे का वाटावेत, याचा थोडा अंदाज यातून येतो. पोळ्याच्या मिरवणुकीत हलगी वाजू लागली की कानांवर हात दाबून घराच्या कोपऱ्यात शिरणारे मूल हट्ट करत नसते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळा गाव शेतात जेवायला जातो. दूधभातावरच वाढलेल्या मुलापुढे अनेक भाज्यांची मिसळ असलेली भज्जी आली की ते ताट ढकलते, तेही याच कारणाने. आवाज, चव, स्पर्श यांच्या जाणिवेतला हा फरक 2013 पासून अमेरिकेच्या अधिकृत निदान-निकषांत आला आहे.

यावरून एक गैरसमज मात्र होऊ नये. हे सगळे गटांच्या सरासरीचे निष्कर्ष आहेत. एका मुलाचा एमआरआय काढून स्वमग्नता ठरवता येत नाही. झटके येत असतील किंवा तपासणीत काही वेगळे दिसले, तर डॉक्टर एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी) सांगतात. नुसत्या निदानासाठी कर्ज काढून तालुक्याहून संभाजीनगर गाठण्याची गरज नाही. निदान वर्तन पाहून आणि आईवडिलांशी बोलूनच होते.

वर्तनाच्या संशोधनात 1985 चा लंडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते, दुसरी ती काढून डब्यात टाकते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? 20 स्वमग्न मुलांपैकी 16 जणांनी डबा दाखवला. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखणे त्यांना जड जाते, असा अर्थ काढला गेला. 2013 च्या एका अभ्यासात असे दिसले की पुढे स्वमग्न ठरलेली बाळे दोन महिन्यांची असताना डोळ्यांकडे इतरांइतकीच पाहत होती, मग सहाव्या महिन्यापर्यंत ते पाहणे ओसरत गेले. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने बाजू उलटून दाखवली : न समजणे दोन्हीकडून असते, इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन वाचता येत नाही. प्रस्तुत लेखकाला हा मुद्दा बाहुल्यांच्या प्रयोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

चाचणी मुलाच्या जगातली हवी, हेही तितकेच खरे. ‘खोट्या फोनवर बोलायचा खेळ खेळतो का?’ असे विचारून आईला काही कळत नाही. ‘मातीचे बैल करून औत हाकतो का, भातुकलीत भाकरी थापून तुम्हाला खायला देतो का?’ असे विचारले की लगेच उत्तर येते. तांड्यावरच्या बंजारा घरांत गोरमाटी आणि अनेक मुस्लिम घरांत दखनी बोलली जाते. अशा घरांना ‘लेकराशी फक्त मराठीत बोला’ असा सल्ला सर्रास मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाच्या बोलण्याचे नुकसान होत नाही, असेच आतापर्यंतचे अभ्यास सांगतात. आईची भाषा सोडायला लावली की तिच्या तोंडची गाणी, लाड आणि रागावणेही जाते.

सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या स्वमग्नतेच्या भारतीय मापनश्रेणीत 40 बाबी आहेत. प्रत्येकीला 1 ते 5 गुण असतात आणि 70 पासून पुढे स्वमग्नता धरतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता येते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तिथून पुढची वाट लांब आहे. वाचा-उपचार आठवड्यातून दोनदा घ्यायचा तर मजुरीचे दोन दिवस आणि एसटीचे भाडे जाते.

आणि बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोद्याकडे दसरा-दिवाळीनंतर गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे थांबता येत नाही आणि मूल सोबत कारखान्यावर जाते. अंगणवाडीतली नोंद गावात राहते. अशा घरांना लागू पडेल असा पुरावा 2016 मध्ये गोवा आणि रावळपिंडीतून आला. 65 मुलांच्या या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत 12 भेटी घेतल्या. आई आणि मूल खेळत असताना चित्रफीत घेतली, ती कार्यकर्ता आणि आई यांनी मिळून पाहिली आणि मूल कुठे काय सांगू पाहते ते आईने ओळखायचे. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मराठवाड्यात आशाताईंना हे शिकवता येईल. पावसाळ्यात टोळी गावातच असते, भेटी तेव्हा सुरू करता येतात. एकदा शिकलेली आई ते शिक्षण सोबत घेऊन जाते. फडावरच्या कोपीत (झोपडीत) संध्याकाळी मूल तिचे मनगट धरून हंड्याकडे ओढते. ती तांब्या भरते, पण लगेच देत नाही. त्याच्या उंचीला खाली बसते, ‘पाणी’ एवढेच म्हणते आणि त्याने बघेपर्यंत थांबते.