पाणी बदललं आणि मासे मेले, असं का होतं?

घरातल्या टँकमधला मासा मेला की आपल्याकडे हमखास म्हणतात, "घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं." ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, वास्तूच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश पाळणारी घरं कमी नाहीत. संकट असतं हे खरं, पण ते घरावर नसतं. ते त्या पन्नास लिटर पाण्यात असतं, आणि गंमत म्हणजे महिनोन्‌महिने न धुतलेला टँक एखाद्या रविवारी लख्ख केला की ते बाहेर पडतं.

मग कोणीतरी सांगतं, पीएच बघा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. पाणी तपासायच्या किटचा रंग पिवळा येतो, म्हणजे पीएच ६ किंवा त्याखाली. शाळेत ७ म्हणजे उदासीन असं शिकलेलं असतं, म्हणून ७ म्हणजे 'बरोबर' असं समजून बाटलीतलं द्रावण ओतलं जातं. माशांना मात्र ७ चं काही कौतुक नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड ८ च्या आसपास सुखात राहतात, ॲमेझॉनकडचा निऑन टेट्रा मुळात आम्लधर्मी पाण्यातला. दुकानातले बहुतेक मासे ६.५ ते ८ मध्ये कुठेही निभावतात. त्यांना त्रास होतो तो अचानक बदलाचा.

पीएच हे मोजमाप १९०९ साली सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं मांडलं, तेही कार्ल्सबर्ग या बीर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणजे ७ वरून ६ वर आलं की हायड्रोजन आयन दहापट होतात. पण टँकमध्ये पीएच हा परिणाम आहे. कारण वेगळंच असतं: पाण्यातलं बायकार्बोनेट. त्याचं माप म्हणजे केएच, कार्बोनेट क्षारता; ते अंशांत मोजतात.

माझ्या मते अख्ख्या मत्स्यपालनातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे. पाण्यात आम्ल आलं की बायकार्बोनेट त्याचा हायड्रोजन आयन उचलतं, कार्बोनिक आम्ल तयार होतं, ते फुटून कार्बन डायॉक्साइड होतो आणि बुडबुड्यांच्या खळबळीत हवेत निघून जातो. आम्ल आलं आणि वायू होऊन गेलं. पीएच जेमतेम हलला. याचं एक सुटसुटीत सूत्रही आहे: कार्बन डायॉक्साइड (मिलिग्रॅम प्रतिलिटर) = ३ × केएच × १० चा (७ − पीएच) इतका घात. केएच ४ आणि वायू ३ मिलिग्रॅम असेल, तर पीएच येतो ७.६. वायू दुप्पट झाला तरी पीएच फक्त ०.३ नं उतरतो. वनस्पती असलेल्या टँकमध्ये रात्री वायू साचतो आणि दिवसा वनस्पती तो वापरतात; सकाळी पीएच कमी आणि संध्याकाळी जास्त दिसतो तो याच हिशेबानं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण प्रत्येक आयन उचलताना एक बायकार्बोनेट खर्ची पडतं, आणि टँकमध्ये आम्ल रोज बनतं. माशांच्या कल्ल्यांतून येणारा, विष्ठेतून नि उरलेल्या खाण्यातून बनणारा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात. त्यात १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता संपते. पाणी बदललं नाही तर केएच शून्याकडे जातो आणि मग पीएच एकदम कोसळतो. ६ च्या खाली ते जिवाणूही मंदावतात, अमोनिया साचू लागतो. तरी मासे जिवंत! कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनियाला जादा हायड्रोजन चिकटतो आणि तो अमोनियम होतो, जो त्या मानानं निरुपद्रवी. आपल्या हवेतल्या २८ अंशांच्या पाण्यात पीएच ६ ला हजारातला एकही रेणू विषारी रूपात नसतो, ७ ला शंभरातला एकही नाही, ८ ला मात्र शंभरातले सहाएक.

आता त्या रविवारी काय घडलं ते पाहा. अर्ध्याहून जास्त जुनं पाणी काढलं, नळाचं ७.५ चं भरलं. उरलेल्या अमोनियमचा काही भाग काही मिनिटांत अमोनिया झाला आणि कल्ले जळाले. भरीला नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. 'पीएच वाढवा' म्हणून ओतलेली बाटलीही नेमकं हेच करते.

त्यामुळे जुना, दुर्लक्षित टँक असेल तर आधी अमोनिया आणि केएच मोजा, मग रोज दहा टक्के पाणी क्लोरीन काढून बदला. एरवी आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पुरतं. केएच वाढवायचा तर खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा केएच १ अंशानं वाढवतो. अमोनिया शून्य असेल तेव्हाच, आणि दिवसाला एका अंशापुढे जाऊ नका. पीएच उतरवायला लिंबू, व्हिनेगर, संडास धुण्याचं ॲसिड यांतलं काहीही नको. देशी बदामाची वाळलेली पानं चालतात (वाशी-नेरूळच्या पदपथांवर पडलेली असतात; गटाराजवळची उचलू नका), पण केएच जास्त असेल तर पाणी तांबूस होण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून थेट भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्याचा केएच जवळजवळ शून्य असतो. मोरबे किंवा भातसा धरणाचं पाणी पावसाचं, बेसॉल्टवरून आलेलं. ते सहसा फार कठीण नसतं. सोसायटीत मे महिन्यात टँकर किंवा बोअरवेलचं पाणी सुरू झालं, तर त्याचा केएच बराच वेगळा असू शकतो. तेव्हा पहिली बादली टँकमध्ये ओतण्याआधी किटचे पाच थेंब तिच्यावर खर्च करा.