हेच का आपले उमेदवार? अमेरिकी प्रायमरीतल्या एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा हंगाम जवळ आला की दोनपैकी निदान एका पक्षाचा मतदार कुरकुरू लागतो. तेहतीस कोटींच्या देशात पक्षाला हीच माणसे सापडली का? तक्रार रास्त असते, पण तिच्यात एक गफलत आहे. ही माणसे पक्षाने शोधलेलीच नसतात, ती आपणहून आलेली असतात. आणि ज्यांची मतदार वाट पाहत असतो ते बहुतेक वेळा हिशेब करून घरी बसलेले असतात.

आपल्याकडे अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारपर्यंत एबी फॉर्म कोणाच्या खिशात आहे यावर अख्खा तालुका चर्चा करतो. तो फॉर्म पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेत प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, रूपाने तो मतदारच देतो. ही रीत फार जुनी असावी असे वाटते, पण अध्यक्षपदाच्या बाबतीत ती खऱ्या अर्थाने १९७२ पासूनची आहे. त्याआधी पडेल उमेदवार मिळाला तर शिव्या पुढाऱ्यांना पडत.

सुरुवातीला पक्षाचे काँग्रेस-सदस्य, म्हणजे अमेरिकी संसदेतले सदस्य, एकत्र बसून नाव ठरवत. १८२४ साली अशा बैठकीला जेमतेम ६६ जण आले, त्यांनी विल्यम क्रॉफर्ड यांना उमेदवार केले आणि ते निवडणुकीत मागे पडले. त्या बैठकीची पतच गेली. १८३१ पासून राष्ट्रीय अधिवेशनांची पद्धत रुजली. राज्याराज्यांतून प्रतिनिधी यायचे आणि सौदे व्हायचे. १९२० मध्ये शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलातल्या धुराने भरलेल्या खोलीत वॉरन हार्डिंग यांचे नाव पक्के झाले असे म्हणतात. आख्यायिकेचा भाग वजा केला तरी वातावरण तसेच होते. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक प्रतिनिधींनी मतदानाच्या १०३ फेऱ्या घेतल्या आणि शेवटी जॉन डेव्हिस या कोणाचीच पहिली पसंती नसलेल्या गृहस्थांवर येऊन थांबले. दुबळा उमेदवार ही काही प्रायमरीची देणगी नव्हे, हे यावरून कळावे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारकांनी प्रायमरी आणल्या खऱ्या, पण त्यांचा निकाल पाळायचे बंधन अधिवेशनावर नव्हते. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, त्यात विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांच्या ओहायोतलीही. उमेदवारी मात्र टाफ्ट यांनाच मिळाली. १९५२ मध्ये टेनेसीचे सिनेटर एस्टेस कीफॉव्हर यांनी हंगामातली पहिली प्रायमरी जिथे व्हायची त्या न्यू हॅम्पशरमध्ये अध्यक्ष ट्रुमन यांना हरवले आणि पुढच्याही बहुतेक प्रायमरी खिशात टाकल्या. अधिवेशनाने तिकीट दिले अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना. पुढाऱ्यांच्या लेखी प्रायमरी म्हणजे उमेदवाराचा दम पाहायची जागा होती. केनेडींनी १९६० मध्ये ती तशीच वापरली. प्रोटेस्टंट वेस्ट व्हर्जिनियात कॅथलिक माणूस जिंकू शकतो हे त्यांनी दाखवले, तेव्हा पुढारी वळले.

मग १९६८ उजाडले. व्हिएतनाम युद्ध पेटलेले होते. मार्चमध्ये न्यू हॅम्पशरला युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली आणि महिना संपायच्या आत अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले, जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्री त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. त्यांच्या मागे पुढारी, कामगार संघटना आणि राज्यांतली पक्षयंत्रणा होती. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पहिल्याच फेरीत ते उमेदवार झाले. बाहेर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर पोलीस तरुणांना लाठ्यांनी झोडपत होते आणि दूरचित्रवाणीवर देश ते पाहत होता. प्रायमरीत युद्धविरोधी उमेदवारांना मते देणाऱ्यांनी विचारले, मग आमच्या मतांचे काय झाले?

नोव्हेंबरमध्ये हम्फ्री हरले. पक्षाने नियम बदलायला समिती नेमली, तिचे पहिले अध्यक्ष सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि नंतरचे डोनाल्ड फ्रेझर. बंद खोलीत प्रतिनिधी ठरवायचे नाहीत, पक्षाच्या मतदाराला खुला वाव द्यायचा, असा समितीचा आग्रह होता. अनेक राज्यांना सरळ प्रायमरी घेणेच सोपे वाटले. १९६८ मध्ये पंधरा-सतरा प्रायमरी होत्या, १९७६ पर्यंत त्या तिसाच्या आसपास गेल्या. रिपब्लिकन पक्षही ओढला गेला, कारण कायदे राज्यांनीच केले होते. नव्या नियमांचा पहिला लाभार्थी ठरले खुद्द मॅकगव्हर्न. १९७२ मध्ये उमेदवारी मिळाली आणि निक्सन यांच्यापुढे पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये गेली.

ज्याला लढायचे आहे तो लढेल आणि लोक त्यांच्यातून निवडतील, असा आता नियम झाला. ऐकायला हे लोकशाहीला धरूनच आहे. फक्त, चांगल्या माणसाला ‘तुम्ही उभे राहाच’ म्हणून गळ घालण्याची आणि भलत्याला ‘यंदा थांब’ म्हणून सांगण्याची ताकद कोणाकडेच उरली नाही. आणि लढायचे म्हणजे दीड-दोन वर्षे पैसा गोळा करत फिरायचे, आयोवातल्या शाळांच्या व्यायामशाळांमध्ये शंभर-दीडशे लोकांपुढे तेच भाषण करायचे, घरच्यांचे आयुष्य चव्हाट्यावर आणायचे. ज्याचे बस्तान नीट बसलेले आहे, तो समोर बलाढ्य विद्यमान अध्यक्ष असताना ही जोखीम का घेईल?

नव्या पद्धतीच्या दुसऱ्याच निवडणुकीत मतदाराची नाराजी आकड्यात उमटली. जानेवारी १९७६ च्या आयोवा कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या ठिकठिकाणच्या बैठकांमध्ये, पहिला क्रमांक कोणाचाच नव्हता! ३७ टक्के लोक ‘कोणाशीही बांधील नाही’ या रकान्यात गेले. जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना २८ टक्क्यांच्या आसपास मिळाले, पण माणसांमध्ये ते पहिले होते. वर्तमानपत्रांनी त्यांना विजयी म्हटले आणि वर्षभरात ते व्हाइट हाउसमध्ये होते.

दुबळ्या फळीचे ठरलेले उदाहरण म्हणजे १९८८. डेमोक्रॅटिक पक्षाचे आघाडीचे उमेदवार गॅरी हार्ट १९८७ च्या मे महिन्यात एका प्रेमप्रकरणाच्या बातम्यांनी बाहेर पडले. उरलेल्या सातांना पत्रकारांनी ‘सात बुटके’ असे नाव ठेवले. त्या सातांत मायकल डुकाकिस, जेसी जॅक्सन, अल गोर, डिक गेपहार्ट आणि जो बायडन हेही होते. ब्रिटिश नेते नील किनॉक यांच्या भाषणातले उतारे श्रेय न देता वापरल्याच्या गदारोळात बायडन यांनी सप्टेंबरमध्येच माघार घेतली. डुकाकिस उमेदवार झाले आणि दहा राज्ये जिंकून हरले. पण या ‘बुटक्यां’तला एक पुढे उपाध्यक्ष झाला आणि दुसरा उपाध्यक्ष होऊन अध्यक्षही. तेव्हाच्या टिंगलीला किती किंमत द्यायची ते यावरून ठरवावे.

माझ्या मते खरे पाहण्यासारखे साल १९९२ आहे. आखाती युद्धानंतर थोरल्या बुश यांची लोकप्रियता ८९ टक्क्यांवर गेली होती. डेमोक्रॅटिक पक्षातल्या मोठ्या नावांनी एकेक करून अंग काढून घेतले. गोर यांनी अपघातातून सावरलेल्या मुलाचे आणि कुटुंबाचे कारण दिले. सगळ्यांचे डोळे लागले न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो यांच्याकडे. त्यांचे महिनोन्‌महिने तळ्यात-मळ्यात चालले होते. २० डिसेंबर १९९१ ही न्यू हॅम्पशरमध्ये अर्ज भरायची अखेरची तारीख. शुल्क एक हजार डॉलर. ऑल्बनीच्या विमानतळावर विमान तयार उभे होते, आणि दुपारी क्युओमो यांनी पत्रकारांना बोलावून सांगितले की राज्याचे अंदाजपत्रक अडले असताना मला जाता येणार नाही. विमान उडालेच नाही.

रिंगणात उरले बिल क्लिंटन, पॉल साँगस, जेरी ब्राउन, बॉब केरी आणि टॉम हार्किन. क्लिंटन यांच्यामागे विवाहबाह्य संबंधांचे आणि व्हिएतनामची सक्तीची लष्करभरती टाळल्याचे आरोप लागले होते. न्यू हॅम्पशरमध्ये ते दुसरे आले. साँगस यांनी पैशाअभावी मार्चमध्ये प्रचार थांबवला, आणि तरी ७ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये ब्राउन यांना मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला. तिथल्या चारातल्या एकाहून अधिक मतदारांनी प्रचार सोडून गेलेल्या माणसाला मत दिले! जूनमध्ये जनमत चाचण्यांत क्लिंटन हे बुश आणि अपक्ष रॉस पेरो यांच्या मागे तिसऱ्या जागी होते. नोव्हेंबरमध्ये तिरंगी लढतीत ४३ टक्क्यांवर ते निवडून आले. बुश यांची ती लोकप्रियता मंदीत केव्हाच विरघळली होती, आणि तिला घाबरून बसलेले बसूनच राहिले.

याच्या उलट गोष्ट २०१६ ची. रिपब्लिकन पक्षाचे सतरा उमेदवार, त्यात गव्हर्नर आणि सिनेटरांची रीघ. इतकी तगडी फळी कित्येक वर्षांत झाली नाही, असे तेव्हा बोलले जात होते. गर्दीत मते फुटली. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मते पडली आणि अधिवेशनाला जाणारे राज्याचे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी मिळाले. तगडी फळी अशीही हरते. डेमोक्रॅटिक पक्ष प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतो, तिथे हे इतके सहज होत नाही. काँग्रेसच्या जागांसाठी मात्र दोन्ही पक्षांत गर्दीचे गणित सारखेच चालते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटची डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले ते २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर.

उमेदवार पसंत नसलेल्या मतदाराने वाटा मात्र शोधल्या आहेत. १९६४ मध्ये न्यू हॅम्पशरच्या रिपब्लिकन मतदारांना गोल्डवॉटर नको होते आणि रॉकफेलरही नको होते. त्यांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने हेन्री कॅबट लॉज हे नाव लिहिले आणि त्यांना जिंकवले. लॉज तेव्हा सायगावला राजदूत होते, प्रचाराला फिरकलेही नव्हते. नेवाडाने १९७५ मध्ये ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय कायद्यानेच दिला. आपल्या नोटाच्या तो अडतीस वर्षे आधीचा. आणि नोटासारखाच दात नसलेला, कारण जास्त मते पडली तरी जिंकतो नावाचाच उमेदवार. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, तो नेवाडात पहिलाही येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रम्प तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत नव्हते, ते पक्षाच्या कॉकसमध्ये होते. निक्की हेली यांच्यासमोर शर्यतीत टिकून असलेले मोठे नाव कोणाचेच नव्हते, आणि त्या ‘कोणीही नाही’कडून दुपटीने हरल्या.

डेमोक्रॅटिक मतदाराची २०२४ ची तक्रार वेगळी होती. बायडन यांच्या वयाची काळजी पक्षात उघड बोलली जात होती, पण विद्यमान अध्यक्षाविरुद्ध उतरून पुढची कारकीर्द कोण पणाला लावणार? उतरले ते मिनेसोटाचे काँग्रेस-सदस्य डीन फिलिप्स यांच्यासारखे फारसे परिचित नसलेले. दगडापेक्षा वीट मऊ म्हणावे, तर वीटही समोर नव्हती. ट्रम्प यांच्याबरोबरचा जूनमधला वादविवाद फसला, २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस यांना उमेदवार केले. हॅरिस यांनी २०१९ च्या डिसेंबरात, पहिले मत पडायच्या आधीच, पैशाअभावी शर्यत सोडली होती. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या एकाही प्रायमरीत न उतरता मोठ्या पक्षाची उमेदवारी मिळणारी हम्फ्री यांच्यानंतरची ही पहिलीच व्यक्ती. यंदा निवडायला चांगले कोणी नव्हते म्हणणारा मतदार आता म्हणू लागला की आम्हाला विचारलेच नाही. फिलिप्स हेच वर्षभर आधीपासून म्हणत होते, आणि त्यांना मते दिली होती फारच थोड्यांनी.