नळाचं पाणी नेमकं कुठे बिघडतं?

पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला घरी आलेला माणूस एक खेळ हमखास करून दाखवतो. दोन पेले मागून घेतो. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत विजेच्या दांड्या बुडवून बटण दाबतो. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ तरंगायला लागतो, दुसरा पेला तसाच नितळ राहतो. "अगं बाई, हे पितोय आपण?" असं घरातल्या आजी म्हणाल्या की सौदा तिथेच पक्का.

तो गाळ पाण्यातला नसतो. दांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड गाळ होऊन दिसतं. यंत्राच्या पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकलेले असतात, त्यामुळे वीज जेमतेम वाहते आणि दांडी झिजत नाही. पुढच्या वेळी असा माणूस आला तर त्याच्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून बटण दाबायला सांगा. नळाच्या पाण्यापेक्षा जास्त गाळ त्याच्याच पेल्यात होईल.

खिशातलं टीडीएस मीटरही याच तत्त्वावर चालतं. ते पाण्यातून वीज किती वाहते हे मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावं. पण जंतू वीज वाहून नेत नाहीत. गटाराचं थोडं पाणी मिसळलेल्या नळाला मीटर 180 दाखवेल आणि आपण खूश होऊ. जंतूंचा मागमूस नसलेल्या बोअरला ते 900 दाखवेल आणि आपण घाबरू. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने तर जिथे क्षार 500 च्या आत आहेत तिथे आरओ यंत्रांना बंदी घालावी, असे निर्देशच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. कारण साधं: अशा ठिकाणी ही यंत्रं नको ते काढतात, आणि त्यासाठी भरपूर पाणी मोरीत सोडतात.

नाशिक जिल्ह्यात धरणाचं पाणी पिणाऱ्यांना क्षारांची भीती बाळगायचं फारसं कारण नाही. ब्रह्मगिरीच्या आसपास पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून गोदावरीत आणि तिथून 1965 साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणात येतो. या पाण्याचा खडकाशी सहवास थोडा, म्हणून त्यात क्षारही थोडे. बोअरचं पाणी मात्र काळ्या बेसाल्टच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवतं. सोसायटीच्या टाकीत नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होत असेल, तर "आमच्याकडे नळाचं पाणी जड आहे" या तक्रारीला अर्थ राहत नाही. ते नळाचं पाणीच नव्हे.

धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे, हेही नाशिककरांचं नशीब. शहर ओलांडून सायखेडा-चांदोरीकडे जाणारी गोदावरी कशी असते, हे उन्हाळ्यात पाणवेलींनी झाकलेलं पात्र बघितलं की वेगळं सांगावं लागत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात सुरू होते. धरणातून विसर्ग वाढला, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, अशा बातम्या येतात त्याच दिवसांत शुद्धीकरण केंद्रात येणारं पाणी लालसर गढूळ झालेलं असतं. हा गढूळपणा म्हणजे मातीचे अतिसूक्ष्म कण. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ठेवून दिलं तरी पाणी लवकर निवळत नाही. तुरटी हा भार मोडून काढते. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके जड होऊन तळाशी बसतात. उरलेलं वाळूच्या गाळणीत अडकतं. गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आणायचा ही मानकाची अपेक्षा आहे, आणि ती नुसती दिसण्यासाठी नाही. मातीच्या कणाआड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय मातीबरोबर आलेला सेंद्रिय कचरा क्लोरीन खाऊन टाकतो.

शेवटी क्लोरीन. पाण्यात गेल्यावर त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं आणि हे आम्ल जंतूंच्या आवरणातून सहज आत शिरतं. पाणी अल्कधर्मी असेल तर आम्लाचा बराचसा भाग कमी जहाल रूपात जातो, म्हणून क्लोरीन टाकल्यावर पाण्याला निदान अर्धा तास द्यावा लागतो. एवढं करूनही थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात, वाटेसाठी. ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असलाच पाहिजे. नळाच्या पाण्याला येणाऱ्या औषधाच्या वासाबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. मला विचाराल तर पावसाळ्यात तो वास नाही आला तर तक्रार करावी.

इथपर्यंतचं काम बहुतेक ठिकाणी ठीक होतं. केंद्रातून निघताना पाणी पिण्याजोगं असतं. ते बिघडतं त्यानंतर, रस्त्याखाली आणि आपल्या घरात.

नाशिक शहरात नळ रोज येतो, पण ठरावीक वेळच. तालुक्याच्या गावांत दिवसाआड, चार दिवसांनी. मनमाडला तर उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट बघण्याची वेळ आलेली आहे. आपण याकडे फक्त टंचाई म्हणून बघतो. पण जलवाहिनी भरलेली असते तोवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. फट असली तरी पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. व्हॉल्व्हमन चावी बंद करून गेला की दाब उतरतो. उताराच्या बाजूचे नळ पाइपातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात आणि वरच्या भागात पोकळी होते. आता त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत शिरायला मोकळं असतं. बाहेर काय आहे? जुन्या गावठाणात जलवाहिनी आणि गटार एकाच बोळातून, बऱ्याचदा एकाच खड्ड्यातून गेलेली. घराघराच्या जोडणीचे पाइप गटार ओलांडून आत आलेले. पावसाळ्यात सगळी जमीन पाण्याने तुडुंब.

हुबळी-धारवाडमध्ये काही वस्त्यांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि बाकी शहरात ठरावीक दिवशीच येत राहिलं, तेव्हा अभ्यासकांनी दोन्हीकडचे नमुने ताडून बघितले. स्रोत तोच, शुद्धीकरण तेच. तरीही थांबून-थांबून येणाऱ्या नळांत विष्ठेतल्या जंतूंची खूण कितीतरी जास्त वेळा सापडली. नळ सुरू झाल्यावरचं सुरुवातीचं पाणी सर्वांत वाईट असतं, हेही तिथे दिसलं. आपल्याकडे नळ आला की बायका पहिली बादली अंगणात ओततात किंवा धुण्याला घेतात. ती सवय अगदी बरोबर आहे.

त्यात भर मोटारींची. दाब कमी, दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, म्हणून माणूस थेट नळालाच मोटार जोडतो. मोटार पाणी ओढते म्हणजे पाइपातला दाब आणखी खाली आणते. पुरवठा सुरू असतानाही फटीतून बाहेरचं पाणी आत खेचलं जाऊ शकतं. पालिकेचं पथक मोटारी जप्त करतं तेव्हा आपण शेजाऱ्याचा पळवलेला वाटा तेवढा मोजतो. त्या मोटारीने सगळ्या गल्लीच्या पाण्यात गटार ओढलेलं असू शकतं, ही बाजू कोणी सांगत नाही.

या बिघाडाचा पत्ता उशिरा लागतो, ही खरी अडचण. जुलाब एक-दोन दिवसांत दिसतात, पण पाण्यातून पसरणारी कावीळ दिसायला साधारण दोन ते आठ आठवडे लागतात. एका आळीत काविळीचे रुग्ण निघाले, पालिकेने धावत येऊन नमुने घेतले आणि "पाणी पिण्यायोग्य" असा अहवाल आला, तर लोक म्हणतात अहवाल खोटा. तो खरा असू शकतो. जंतू शिरले तो दिवस महिन्यापूर्वीचा असतो.

म्हणून वाटेतला शिल्लक क्लोरीन महत्त्वाचा. तो शेवटच्या नळाशी शिल्लक असेल तर वाटेत मोठी भानगड झालेली नाही असा अंदाज करता येतो, आणि अचानक गायब झाला तर मध्ये कुठेतरी त्याला खाणारी घाण शिरली असं समजायचं. खेड्यापाड्यांत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर ओटी टेस्ट करतो ती याचसाठी. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटॉलिडिनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. रंग लगेच बघायचा असतो, थांबलं तर तो फसवा गडद होतो. या रसायनाचा आरोग्याला धोका असल्याने अनेक देशांनी ते सोडून डीपीडी नावाचं दुसरं रसायन वापरायला घेतलं. त्यात रंग गुलाबी येतो. चाचणी कुठलीही असो, ती टाकीखालच्या पहिल्या नळावर करून उपयोग नाही. गावाच्या टोकाला, वाहिनी संपते तिथल्या घरी करायची.

टीसीएलबद्दल एक गोष्ट. ताज्या पावडरीत सुमारे एक तृतीयांश क्लोरीन असतो, पण दमट खोलीत उघडं पोतं ठेवलं की तो उडून जातो. पुढे कितीही टाकली तरी पाणी पांढरं होतं, शुद्ध होत नाही.

घरात काय होतं? पाणी आठवड्याने येणार म्हटल्यावर पिंप, टाक्या, हंडे सगळं भरून ठेवायचं. पिंपातल्या पाण्यात क्लोरीन फार टिकत नाही. त्यानंतर हात बुडवून घेतलेल्या प्रत्येक तांब्यागणिक नवे जंतू येतात. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ इथे महागड्या यंत्राइतकं काम करून जातो. रात्रभर तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवायच्या प्रथेतही तथ्य आहे, तांब्याने जुलाबाचे जंतू मरतात असं प्रयोगांत दिसलंय. मात्र त्याला कित्येक तास लागतात, आणि गढूळ पाण्यासाठी हा उपाय नाही.

डेंगीचा डास याच पिंपांवर जगतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आठवड्याने नळ येणाऱ्या गावात त्याची सोय आपणच करून ठेवलेली असते. अंडी पाण्यात नसून पिंपाच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि सुकली तरी महिनोन्महिने टिकतात. कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं उपडं करणं पुरत नाही, आतून घासावं लागतं.

पेल्यात काय दिसतं यावरून थोडंफार ओळखता येतं. पाणी दुधासारखं पांढरं आलं आणि तळाकडून वर नितळ होत गेलं, तर ते हवेचे बुडबुडे आहेत, खुशाल प्या. वरून खाली निवळत तळाशी गाळ बसला तर माती. लालसर-पिवळं पाणी जुन्या लोखंडी पाइपाच्या गंजाचं. उन्हाळ्यात धरण खाली गेल्यावर येणारा मातकट वास बहुधा जिओस्मिनचा. काही सूक्ष्मजीव हा पदार्थ तयार करतात, आणि पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही तोच असतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो, अपाय मात्र करत नाही. काळपट पाणी, गटाराचा वास आणि त्याच वेळी क्लोरीनचा वास नाहीसा झालेला, ही मात्र थेट पाणीपुरवठा विभागाला फोन करायची वेळ.

शंका असेल तेव्हा पाणी उकळावं. खळखळून एक मिनिट उकळी आली की जंतू मेले, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. उकळण्याचा उपयोग होत नाही तो नायट्रेटवर. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष-कांदा पट्ट्यासारख्या, खतांचा मोठा वापर असलेल्या भागात विहीर-बोअरच्या पाण्यात नायट्रेट उतरू शकतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्यापुढे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. उकळून पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. मळ्यातल्या बोअरचं पाणी बाळाच्या दुधासाठी वापरत असाल तर आधी तपासून घ्या. इथे आरओ खरोखर कामाचं.

तपासायला पाणी देताना बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून नेऊ नका. जंतूंच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली मिळते. तिच्यात सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल उगाच स्वच्छ येतो. बाटली खळबळून धुवायची नाही, काठोकाठ भरायची नाही, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायची. आणि नमुना दोन ठिकाणचा द्यायचा: एक रस्त्यावरून घरात येणाऱ्या नळाचा, दुसरा गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघरात उतरणाऱ्या नळाचा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट निघाला, तर नगरपालिकेला अर्ज लिहायच्या आधी शिडी घेऊन टाकीचं झाकण उघडावं.