पाकिटातलं पाकीट ओळखणारी चिप

एखाद्या यंत्राचा पत्ता ४ किंवा ६ या अंकाने सुरू होतो, एवढ्याच कारणाने त्याच्याकडे जाणारी पॅकेटं मागेपुढे होऊन पोचतात, असं कुणी सांगितलं तर ती अंधश्रद्धा वाटेल. पण मोठ्या दूरसंचार जाळ्यांमध्ये हे खरोखर घडलं आहे. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण पॅकेट ओळखणाऱ्या यंत्रांचं जुनं दुखणं त्यात दिसतं.

इंटरनेटवर माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॅकेट. आपला ‘पाकीट’ हा शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण पाकिटात पाकीट, त्यात आणखी एक, अशीच त्याची रचना असते. सगळ्यात बाहेर इथरनेटचं पाकीट. त्यावर ६ बाइटांत घेणाऱ्याचा पत्ता, ६ बाइटांत पाठवणाऱ्याचा आणि शेवटी २ बाइटांचा एक संकेतांक. षोडशमान पद्धतीने (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत) लिहिलेला हा संकेतांक ०८०० असेल तर आत आयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या पद्धतीची, चौथी आवृत्ती आहे, ८६डीडी असेल तर सहावी. आयपीच्या पाकिटावर पुन्हा एक क्रमांक असतो: ६ म्हणजे आत टीसीपी, १७ म्हणजे यूडीपी, या माहिती पोचवण्याच्या दोन पद्धती. शिवाय चौथ्या आवृत्तीत पाकिटावरचा हा मजकूर, म्हणजे मथळा, २० ते ६० बाइट इतका कमीजास्त लांबीचा असू शकतो. म्हणजे आतलं पाकीट कुठल्या जातीचं आहे आणि ते नेमकं कुठे सुरू होतं, या दोन्ही गोष्टी बाहेरचं वाचल्याशिवाय कळत नाहीत.

हे सगळं किती वेळात उरकायचं? १०० गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान पॅकेटं एकापाठोपाठ येत असतील तर दर ६.७२ नॅनोसेकंदांना एक येतं. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम दोन मीटर जातो. त्यामुळे पॅकेटं पुढे पाठवणाऱ्या नेटवर्क स्विचमध्ये ही वाचणी, म्हणजे पार्सिंग, चिपमधल्या खास परिपथांकडे सोपवलेली असते. पूर्वी ‘अमुक संकेतांक दिसला तर अमुक ठिकाणी बघ’ हे नियम थेट सिलिकॉनमध्ये कोरलेले असत. वेग उत्तम, पण चिप आखली गेली त्या दिवशी जेवढी पॅकेटं माहीत होती, तेवढीच ती जन्मभर ओळखणार.

सुरुवातीचं कोडं इथेच सुटतं. एमपीएलएस नावाच्या पद्धतीत पॅकेटावर लेबलं लावतात, पण आत काय आहे हे त्या लेबलांवर लिहिलेलंच नसतं. म्हणून अनेक राउटर लेबलांनंतरचे पहिले चार बिट बघून अंदाज बांधत: ४ दिसला तर आयपीची चौथी आवृत्ती, ६ दिसला तर सहावी. मग आतले पत्ते वाचून पॅकेट कुठल्या तारेवर पाठवायचं ते ठरवत, म्हणजे एका संभाषणाची पॅकेटं एकाच तारेवरून जात. आत फक्त आयपी जायचं तोवर हे ठीक होतं. पुढे अख्खी इथरनेट पाकिटं लेबलांखालून जाऊ लागली आणि त्यांचे पहिले चार बिट म्हणजे घेणाऱ्याच्या पत्त्याचा पहिला अंक. तो ४ निघाला की राउटर फसायचा. इथरनेटच्या आतल्या आयपी पॅकेटाची लांबी आणि त्याचा ओळख क्रमांक जिथे आहेत, तिथेच त्याला आयपीचा ‘गंतव्य पत्ता’ दिसायचा! हा ओळख क्रमांक सहसा पॅकेटागणिक बदलतो, म्हणून एकाच संभाषणाची पॅकेटं वेगवेगळ्या तारांवर वाटली जायची आणि क्रम मोडायचा. तोडगा पॅकेटातच काढला गेला: लेबलांनंतर शून्याने सुरू होणारे चार बाइट घालायचे, म्हणजे राउटर अंदाज बांधणार नाही. यंत्राच्या सवयीपायी प्रत्येक पॅकेटाने चार बाइटांचा भार वाहायचा, हे मला फार बोलकं वाटतं.

व्हीएक्सलॅनची गोष्टही अशीच. एकाच जाळ्याचे वेगवेगळे भाग पाडण्यासाठी पॅकेटावर लावायच्या जुन्या व्हीलॅन चिठ्ठीत १२ बिट, म्हणजे ४,०९६ क्रमांक. मोठ्या डेटा सेंटरला ते पुरेनात. व्हीएक्सलॅनने, म्हणजे अख्खं इथरनेट पाकीट यूडीपीत गुंडाळणाऱ्या नव्या पद्धतीने, २४ बिट दिले, दीड कोटीहून जास्त क्रमांक. कल्पना २०११ मध्ये मांडली गेली, अधिकृत दस्तऐवज २०१४ मध्ये आला. सॉफ्टवेअरला ती लगेच शिकवता आली, पण नियम कोरून बसलेल्या चिपांना नाही. त्यांच्यासाठी नवी चिप आखायची, घडवायची, विकत घ्यायची.

२०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या संशोधकांनी, काही सहकाऱ्यांसह, वेगळी वाट दाखवली. त्यांच्यात निक मकिओन होते आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले जॉर्ज व्हर्गीसही. नियम कोरायचे नाहीत, तक्त्यात लिहायचे. चिपला फक्त तक्ता वाचता यायला हवा. तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणते: तू आत्ता या टप्प्यावर आहेस आणि समोर हे बाइट दिसताहेत, तर एवढे बाइट उचलून ठेव, एवढे पुढे सरक, अमुक टप्प्यावर जा. हा तक्ता टीकॅम नावाच्या स्मृतीत बसतो. तिथे सगळ्या ओळी एकाच वेळी ताडून पाहिल्या जातात आणि ओळीतला प्रत्येक बिट ० किंवा १ असतो, नाहीतर ‘काहीही चालेल’. त्यांच्या आराखड्यात अशा २५६ ओळी होत्या, प्रत्येक ४० बिटांची: ३२ बिट पॅकेटातले, ८ बिट टप्प्याचे. अशा यंत्राला व्हीएक्सलॅन शिकवायचं तर थोड्या ओळी पुरतात. यूडीपीच्या टप्प्यावर गंतव्य पोर्ट (आतला मजकूर कशासाठी आहे ते सांगणारा क्रमांक) ४७८९ दिसलं तर व्हीएक्सलॅनकडे जा, तिथून ८ बाइट सरक आणि पुन्हा इथरनेटच्या टप्प्यावर ये. इथरनेटच्या ओळी आधीपासून आहेतच!

या लवचिकपणाची किंमत मोठी असेल असं वाटतं. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की पार्सर चिपची जेमतेम १ ते २ टक्के जागा घेतो आणि बदलता येण्याजोगा केला तर ती साधारण दुप्पट होते. एवढ्याशा जागेसाठी जग वर्षानुवर्षं नव्या चिपांची वाट बघत होतं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

२०१४ मध्ये हे तक्ते सोयीने लिहिण्यासाठी पी४ ही भाषा आली. २०१६ मध्ये बेअरफूट नेटवर्क्सने सेकंदाला ६.५ टेराबिट हाताळणारी टोफिनो चिप जाहीर केली. २०१९ मध्ये इंटेलने ती कंपनी घेतली आणि २०२३ मध्ये पुढच्या टोफिनो चिपांचा विकास थांबवला. ते वाईट झालं. पण कल्पना त्या एका चिपपुरती नव्हती. इंटेलच्याच ७०० मालिकेतल्या नेटवर्क कार्डांत संगणक चालू असताना नवी ओळख-फाइल भरता येते. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात आपला डेटा जीटीपी नावाच्या पाकिटात गुंडाळून फिरतो. ते न ओळखणाऱ्या कार्डाला फक्त बाहेरचे पत्ते दिसतात, आणि दोन ठिकाणांमधली असंख्य ग्राहकांची वाहतूक प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर येऊन तुंबते. फाइल भरली की त्याच कार्डाला आतल्या पाकिटावरचे पत्ते वाचता येतात, आणि काम सगळ्या गाभ्यांवर पसरतं.