बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

किल्ली फिरवली आणि सेल्फने नुसतं ‘कट्-कट्’ केलं, की बॅटरी गेली असं आपण धरून चालतो. गॅरेजमध्येही बऱ्याचदा तेच सांगतात. नवी बॅटरी बसते, गाडी काही आठवडे नीट चालते आणि एके सकाळी पुन्हा तोच आवाज येतो. कारण मूळ दोष बॅटरीत नव्हताच. तो अल्टरनेटरमध्ये (चालत्या इंजिनवर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रात) होता, एखाद्या गंजलेल्या जोडणीत होता, नाहीतर उभ्या गाडीत कुठेतरी वीज झिरपत होती. यातला नेमका दोषी कोण, हे साध्या डिजिटल मल्टिमीटरने शोधता येतं. काही हजारांचा खर्च करण्याआधी तेवढं शोधलंच पाहिजे.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाची बॅटरी बनवली. आपल्या गाडीत आजही तिचीच सुधारलेली आवृत्ती असते. आत सहा सेल, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट. वीज खर्च होते तसं दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, सल्फ्युरिक आम्ल पातळ होतं आणि व्होल्टेज उतरतं. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला, तर १२.६ किंवा जास्त म्हणजे ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. ‘बारा व्होल्ट दाखवतोय, म्हणजे बॅटरी ठीक’ हा समज चुकीचा आहे, १२.० ला तिच्यात पाव भागच उरलेला असतो. नुकत्याच चालवलेल्या गाडीवरचा आकडा मात्र फसवा, तो खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो.

आकडा कमी आला तरी लगेच बॅटरी मोडीत काढू नका. आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, मग सेल्फ मारताना व्होल्टेज पाहा. भरलेली बॅटरीही त्या वेळी साधारण ९.६ च्या खाली जात असेल, तर ती थकली असण्याची शक्यता मोठी. फार दिवस उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होतात, चार्जिंगने विरघळत नाहीत. उष्णता तर तिची वैरीणच. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. विदर्भातल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात बॅटरीचं नुकसान होतं आणि ते लक्षात येतं डिसेंबरच्या पहाटे, जेव्हा इंजिनचं ऑइल घट्ट असतं आणि आतली रासायनिक क्रियाही मंद असते.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित भागाकडे येऊ: जोडण्या. सेल्फ मारताना केबलमधून १०० ते २०० अँपिअर वाहतात. टर्मिनलवर गंज चढून फक्त ०.०१ ओहमचा अडथळा तयार झाला असं धरा. साधा मल्टिमीटर एवढा छोटा रोध नीट मोजूच शकत नाही. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सगळं सुरळीत वाटतं. पण १५० अँपिअर वाहू लागले, की ओहमच्या नियमाने त्या एका जागी दीड व्होल्ट खर्च होतात आणि २२५ वॉट उष्णता तयार होते. सेल्फपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोहोचतच नाही, आणि खापर बॅटरीवर फुटतं. हा दोष प्रवाह वाहत असतानाच सापडतो. म्हणून मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे), लाल पिन इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरा आणि गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हात बेल्ट-पंख्यापासून दूर ठेवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब आहे. दुरुस्ती बहुधा अगदी स्वस्त असते: केबल काढून खुंट आणि क्लॅम्प खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचे, कोरडे करून घासायचे, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावायची. सोड्याचं पाणी सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नका.

इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.६ व्होल्ट यायला हवेत. इंजिन चालू असूनही १२ च्या आसपास राहून आकडा उतरतच गेला, तर चार्जिंग बंद आहे. आधी बेल्ट, सॉकेट, फ्यूज पाहावेत. पुष्कळ अल्टरनेटरमध्ये नुसते कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) बदलून काम भागतं. आकडा सतत १५ च्या वर असेल, तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीतलं पाणी उडतंय. मीटर एसीवर ठेवून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अल्टरनेटरमधल्या, एसीचं डीसी करणाऱ्या डायोडवर संशय घ्यावा. नव्या गाड्यांत संगणक गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावूनच निष्कर्ष काढावा.

उरली ती झिरप. घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मृती यांना उभ्या गाडीतही थोडी वीज लागते. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ती सामान्य. पण ३० मिलिअँपिअरनेही ३५ अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन आठवड्यांत अर्धी होते. २०२० च्या टाळेबंदीत चांगल्या गाड्याही बंद पडल्या, त्या यामुळेच. झिरप मोजताना गाडी कुलूपबंद करून अर्धा तास तरी थांबा, तिचे संगणक झोपू द्या. मग एकेक फ्यूज काढत गेलात, की आकडा एकदम खाली येतो ते सर्किट दोषी.

चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर ‘तपासण्याची’ जुनी पद्धत मात्र कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज नेहमीपेक्षा कितीतरी वर उसळतं आणि गाडीचा संगणक जळू शकतो. केबल काढायचीच असेल तर इंजिन बंद करून, आधी काळी, मग लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी.